निर्लेखित नावाचा फोल्डर

३, सोमवार

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी कॉम्प्युटरने मला कळवलं की जागा शिल्लक नाही. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं मी हेच वाक्य नोकरी मागायला येणाऱ्या लोकांना ऐकवत आलो. स्वतः ऐकायची ही पहिलीच वेळ, आणि खरं सांगायचं तर अंगाचा तिळपापड झाला.

म्हणून ही वही काढली. आमचे साहेब म्हणायचे, काम अडलं की त्याच दिवसापासून नोंद ठेवावी, म्हणजे पुढे दोष कोणाचा ते शोधायला त्रास पडत नाही. दोष कॉम्प्युटरचा आहे हे मला आजच माहीत आहे, पण पद्धत म्हणजे पद्धत.

वस्तुस्थिती अशी. खात्याला यंदा पंच्याहत्तर वर्षं होतात. त्या समारंभासाठी मी पुस्तक लिहिलं आहे, 'आपल्या जलवाहिन्या: एक मागोवा', पानं चारशे बारा. शिवाय जुने नकाशे दोनशे साठ, ते स्कॅन करून त्यात घालायचे आहेत. अठ्ठावीस तारखेला सगळं छापखान्यात गेलं पाहिजे. नाही गेलं तर समारंभात वाटलं जाणार नाही, आणि समारंभ उलटल्यावर असलं पुस्तक कोणी हातात धरत नाही. मी स्वतः धरत नाही.

नकाशांना हवेत वीस जीबी. शिल्लक दीड. शोधाशोध केल्यावर सापडलं की एकटा 'निर्लेखित' नावाचा फोल्डर बावीस जीबी अडवून बसला आहे.

हा फोल्डर माझाच. चार वर्षांपूर्वी नवा कॉम्प्युटर आला तेव्हा जुन्यातला नको असलेला माल मी त्यात ढकलला होता. बदल्यांचे आदेश, निरोप समारंभाचे फोटो, त्या एका चौकशीचे कागद. खात्यात ज्या फाईलवर 'निर्लेखित' असा शेरा बसला ती पुन्हा उघडायची नाही, थेट नष्ट करायची. उघडली की माणूस वाचत बसतो आणि मग टाकवत नाही. हा नियम मी घरातही पाळतो. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, तो इतका पाठ झालाय की भाजी उरली की विचारते, "निर्लेखित करू, की संध्याकाळी खाल?"

एवढासा कचरा बावीस जीबी कसा झाला ते कळत नाही. साचलं की वाढत असेल, पाईपातल्या गाळासारखं. उद्या नष्ट करतो. पाच मिनिटांचं काम.

४, मंगळवार

झालं नाही. 'डिलीट' म्हटल्यावर उत्तर आलं, "हा फोल्डर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा आहे. तो बंद करून पुन्हा प्रयत्न करा." मी काहीही उघडलेलं नव्हतं. तरी जे जे दिसलं ते बंद केलं आणि अकरा वेळा प्रयत्न केला. अकरा वेळा तेच उत्तर. आमच्या खात्यातला कारकूनसुद्धा पाचव्या वेळेला शब्द बदलायचा.

हिला विचारलं, "तू सकाळी कॉम्प्युटरवर बसली होतीस का?"

"बसले होते थोडा वेळ."

"काय करत होतीस?"

"पत्ते खेळत होते."

"मग उठताना नीट बंद करत जा."

"माझं मी झाकून ठेवते," ही म्हणाली. "तुमच्या बाजूला काही सांडत नाही ना?"

आमच्या कॉम्प्युटरवर दोघांची दोन खाती आहेत. कन्येने तशी सोय करून दिली आहे, म्हणजे भांडणं होत नाहीत. ही तिच्या खात्यात पत्ते खेळते, मी माझ्यात इतिहास लिहितो.

जाता जाता नोंद. कॉम्प्युटर आतल्या लहान खोलीत आहे. तिथल्या खिडकीवर हिने जाड रजई टांगली आहे. ऊन येतं म्हणे. ती खिडकी उत्तरेला आहे.

५, बुधवार

कॉम्प्युटर पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला. उपाय लागू पडला, म्हणजे जुनी तक्रार गेली आणि नवी आली. "या फोल्डरमध्ये बदल करण्यासाठी तुम्हाला 'आई' यांची परवानगी लागेल."

आई जाऊन एकोणीस वर्षं झाली. ती होती तेव्हाही तिने मला घरातली कुठलीच वस्तू टाकू दिली नाही हे खरं, पण यंत्राला हे कोणी सांगितलं?

कन्येला फोन लावला. ती दुसऱ्या गावी असते, आणि कॉम्प्युटर तिनेच जोडून दिला होता. ती इतकी हसली की जावयाने येऊन विचारलं काय झालं.

"बाबा, ती आई म्हणजे माझी आई. मालकीण म्हणून तिचं खातं आहे."

"माझ्या फोल्डरची मालकीण?"

"आख्ख्या कॉम्प्युटरची."

"हे ठरवलं कोणी?"

"मी. दोघांपैकी पासवर्ड कोण विसरत नाही ते बघून." मग तिचं हसणं एकदम थांबलं. "बाबा, पण तुम्ही टाकताय काय?"

"निर्लेखित."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तो राहू द्या ना. दुसरं काहीतरी टाका. माझ्या लग्नाचे फोटो टाका."

स्वतःच्या लग्नाचे फोटो टाका म्हणणारी मुलगी मी पहिल्यांदा पाहिली. जावयाशी काही बिनसलं नसावं अशी आशा करतो.

संध्याकाळी ही म्हणाली, "कॉम्प्युटरवरचं काही काढायचं असलं तर आधी मला विचाराल का?" मी म्हटलं, माझा कचरा आहे, त्यात विचारायचं काय. "तरी विचारा," ही म्हणाली. मायलेकींचं फोनवर बोलणं झालेलं दिसतं.

७, शुक्रवार

कॉम्प्युटर राहू दे बाजूला. मला हिची काळजी वाटते आहे.

मी रोज अकरा ते एक वाचनालयात असतो. आज तिथे एका गृहस्थांनी वर्तमानपत्र सोडलंच नाही, म्हणून बारालाच परत आलो. आतल्या खोलीचं दार बंद. आतून हिचा आवाज, हळू, एका लयीत, कोणाला तरी समजावून सांगितल्यासारखा. दार वाजवताच गप्प. उघडलं तर ही घामाने निथळलेली, खिडकीवर रजई, पंखा बंद.

"पंखा का बंद केलास?"

"आवाज करतो."

"गेली बारा वर्षं करतोय."

"म्हणूनच," ही म्हणाली आणि तोंड धुवायला गेली.

जेवताना अचानक विचारलं, "अहो, माकडहाड म्हणजे शेवटचा मणका, की त्याच्याही खालचं?" परवा गुडघ्याच्या वाटीला कोणकोणते स्नायू धरून ठेवतात ते मला ऐकवलं. मी विचारलं नव्हतं. काल आरशासमोर उभी राहून स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून पुटपुटत होती.

पंखा सोसवत नाही, घाम येतो, हाडांची चौकशी चालू आहे, आणि बंद दारामागे कोणाशी तरी हळू आवाजात बोलणं. डॉक्टरच असणार. मला कळू द्यायचं नाही असं मायलेकींनी ठरवलेलं दिसतं. म्हणूनच ती कन्या भलतंसलतं बोलत होती.

पस्तीस वर्षांच्या संसारात मी हिला एकदाही विचारलं नाही की तुझी पाठ दुखते का. आज बसून आठवून पाहिलं. खरंच एकदाही नाही. वाईट वाटलं.

१०, सोमवार

ही खाली दूध आणायला गेली असताना हिचा फोन वाजला. मी उचलला. एक मुलगी होती, घाईत.

"मॅडम, नववा ते बाविसावा तयार झाले का? परीक्षा चोवीसला आहे. मला दोनदा तरी ऐकायला मिळायला हवेत. हे एवढे धडे मिळाले नाहीत तर माझं वर्ष जाईल."

मी म्हटलं, इथे कोणी मॅडम नाहीत, आणि धडे ऐकायचे नसतात, वाचायचे असतात.

"वाचणं मला जमत नाही ना, काका," ती म्हणाली, अगदी सहज.

वाचणं जमत नाही आणि परीक्षेला बसतात. मी चुकीचा नंबर म्हणून ठेवून दिला. ही वर आल्यावर सांगितलं तर हिचे कान लाल झाले. "काय म्हणाली ती?" मी सगळं सांगितलं. "बिचारी," ही म्हणाली आणि फोन घेऊन थेट गच्चीवर गेली. जिना चढताना पाठ ताठ होती, दुखत असल्यासारखी वाटली नाही. पण हाडांचं काही सांगता येत नाही.

१३, गुरुवार

गरम पाण्याची रबरी पिशवी विकत आणली. हिने ती दोन बोटांत धरून विचारलं, "हे कशाला?"

"पाठीला."

"माझ्या पाठीला काय झालंय?"

"ते तुला ठाऊक."

हिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग मी वेळ साधून, सहज विचारावं तसं विचारलं, "तुझा पासवर्ड काय गं?" ही म्हणाली, "काय काढायचंय ते सांगा, मी काढून देते." म्हणजे माझाच कचरा टाकायला मी बायकोची सही घ्यायची. एके काळी माझ्या सहीशिवाय या शहरात एक व्हॉल्व्ह फिरत नव्हता. मी म्हटलं, राहू दे. "मला विचारल्याशिवाय काढू नका हं," ही म्हणाली. हे आता दुसऱ्यांदा.

साहेबांचाही फोन आला. प्रस्तावना लिहून तयार आहे, पुस्तक कुठे आहे, म्हणाले. पंधरा दिवस उरलेत आणि मी अजून एका फोल्डरशी झोंबतोय, हे त्यांना सांगायची लाज वाटली. मी म्हटलं, काम प्रगतिपथावर आहे.

१७, सोमवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

ही दहाला बाहेर पडली. दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हणाली. मी दहा मिनिटं थांबलो, कॉम्प्युटरचा डबा सोडवला, चादरीत गुंडाळला आणि टॅक्सी करून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराला सगळे स्क्रूड्रायव्हर म्हणतात, कारण तो सुतारासारखा कानामागे पेन्सिलीऐवजी स्क्रूड्रायव्हर ठेवतो. माझ्याच वयाचा, बोलणं अगदी मोजूनमापून.

"काय होतंय?"

"कचरा जात नाही."

त्याने डबा जोडला, काहीतरी टाइप केलं आणि तीन मिनिटांत परवानगीचं प्रकरण मिटवून टाकलं. मला फार बरं वाटलं.

"आत काय आहे बघितलंत?" त्याने विचारलं.

"नाही. निर्लेखित आहे. उघडायचं नसतं."

"कॉपी ठेवलीय?"

"कचऱ्याची?"

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "टोपलीत मावणार नाही. कायमचं जाईल. काढू?"

"काढा," मी म्हटलं.

हिरवी पट्टी सरकू लागली. अर्ध्यावर आली आणि थांबली. "फाईलचं नाव फार लांब असल्यामुळे पुढे जाता येत नाही."

"इतकी लांब नावं कोण देतं?" स्क्रूड्रायव्हर म्हणाला आणि पडदा माझ्याकडे वळवला.

मी चष्मा लावून वाचू लागलो. "खांद्याचा सांधा पुन्हा वाचला कारण पहिल्या वेळी वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं आणि थांबेचना." त्याखाली, "मणके भाग दुसरा, अर्ध्यावर सोडला, हे वाचनालयातून लवकर आले आणि पंख्याबद्दल विचारत बसले." त्याखाली, "गुडघा, छान झाला होता पण शेवटच्या ओळीला हे बाहेर शिंकले." त्याच्याही खाली, "गुडघा तिसऱ्यांदा, हे पुन्हा शिंकले, यांना सर्दीचं औषध द्यायला हवं."

एवढी लांब नावं जगात एकच व्यक्ती देऊ शकते. वाण्याच्या चिठ्ठीवरही ही नुसतं साखर लिहीत नाही, "साखर, पण मागच्या वेळी ओलसर निघाली तशी नको" असं लिहिते.

स्क्रूड्रायव्हरने एक फाईल सुरू केली. हिचा आवाज दुकानभर आला. "धडा सतरावा. गुडघ्याचा सांधा." मग सावकाश, प्रत्येक शब्द सुटा सुटा करून, हाडं, स्नायू, दोऱ्यासारखे बंध. शेवटी एक शिंक, लांबून आलेली पण माझीच. मग हिचा सुस्कारा आणि खट्ट.

"तुम्हीच का ते?" त्याने विचारलं.

"मीच," मी म्हटलं. "थांबवा. आहे तिथे थांबवा."

"थांबलेलंच आहे. लांब नावांवर अडकलं. छोट्या नावांच्या फाईली गेल्या. नऊ, दहा, अकरा अशा, बावीसपर्यंत. चौदा." त्याने कानामागचा स्क्रूड्रायव्हर काढून टेबलावर ठेवला. "परत आणायचा प्रयत्न करतो. तोवर या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही."

नववा ते बाविसावा. ती मुलगी चुकीच्या नंबरवर बोलत नव्हती.

१७, संध्याकाळ

मी घरी पोचलो तेव्हा ही रिकाम्या टेबलासमोर बसली होती. हातात नवा पेन ड्राईव्ह, अजून पाकिटातच. दातांकडे नव्हतीच गेली, तो आणायला गेली होती. सगळे धडे त्यात भरून उद्या सकाळी त्या मुलीला द्यायचे होते.

मी काहीही लपवलं नाही. उभ्यानेच सांगितलं.

"किती गेले?" हिने विचारलं.

"चौदा. छोट्या नावांचे."

"तेच शेवटचे, तपासलेले. तिला दिसत नाही. तिचा फोन तिला नावं मोठ्याने वाचून दाखवतो, म्हणून तिच्यासाठी छोटी दिली होती. माझ्यासाठी लांब."

मग एकेक कळलं. ती मुलगी फिजिओथेरपी शिकते, जन्मापासून अंध आहे. तिचं अभ्यासाचं पुस्तक ऐकायला कुठे मिळत नाही. ही चार महिने रोज अकरा ते एक ते वाचून ध्वनिमुद्रित करते आहे. पहिले आठ धडे देऊन झाले होते. पंखा आणि रजई त्याचसाठी. पाठ ठणठणीत आहे.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"दोनदा सांगितलं. विचारल्याशिवाय काढू नका म्हणून."

"तू वाचतेस, ते सांगायचं."

ही पेन ड्राईव्हचं पाकीट टेबलावर उलटसुलट करत राहिली. मग म्हणाली, "ते एकदा सांगून झालं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. रेडिओवर निवेदक हवे होते, मी अर्ज आणला होता. सराव म्हणून तुम्हाला बातम्या वाचून दाखवल्या. तुम्ही हसलात. म्हणालात, नळाला पाण्याआधी हवा येते तसा आवाज आहे."

मला हे आठवत नाही. हिने सांगितल्यावरही आठवलं नाही, आत्ता लिहितानाही आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे, दुसऱ्या कोणाला ते सुचणार नाही. मी ते बोललो असणार, चहा संपवला असणार आणि कामावर गेलो असणार. त्यानंतर ही घरात कधी मोठ्याने काही वाचत नाही, आणि मी लोकांना सांगत आलो की आमच्या हिला वाचनाची आवड नाही.

"पण मग निर्लेखितमध्ये का ठेवलंस?"

"तिथे तुम्ही बघत नाही," ही म्हणाली.

मी माफी मागितली. इतक्या वर्षांत सवय नसल्यामुळे ती फार मोडकीतोडकी झाली. ही म्हणाली, "ते नंतर. आधी किती परत येतात ते विचारा. तिचं वर्ष जाईल."

१८, मंगळवार

नऊ आले. पाच नाही आले. म्हणजे त्यांची नावं आली, आवाज आला नाही. मनगट, कोपर, घोटा, आणि पाठीचे दोन.

स्क्रूड्रायव्हर म्हणाला, "बाहेरून जोडायची एक डिस्क घेतली असती तर तुमचे नकाशे त्यात मावले असते."

"मग हे काल सकाळी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही जागा मागितली नाहीत. कचरा काढायला सांगितलंत."

डिस्क घेतली.

पाच धडे, प्रत्येकी पाऊण तास, आणि मुलीला ते गुरुवारी हातात हवेत. कॉम्प्युटर अजून दुकानातच, तेव्हा हिच्या फोनवर ध्वनिमुद्रण करायचं. मी म्हटलं, दोन मी वाचतो, माझा आवाज सभेत शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. मनगट मी वाचलं आणि नमुना म्हणून मुलीला पाठवलं. तिचं उत्तर आलं, "मॅडम, सरांना सांगा की आवाज स्पष्ट आहे. पण मनगटाबद्दल काही चुकलं तर माझं पाणी तोडतील असं वाटतं."

ही किती तरी वेळ हसत होती. कालपासून पहिल्यांदा हसली, म्हणून मीही मनाला लावून घेतलं नाही. माझी नेमणूक दाराबाहेर झाली आहे.

१९, बुधवार

सकाळी वरच्या मजल्यावर जाऊन ड्रिलवाल्याला भेटलो. कपाट बसवतोय म्हणाला. मी म्हटलं, दोन दिवस थांबा, आत मनगट चालू आहे. तो का थांबला हे मला कळलं नाही, पण थांबला. दारावरची बेल काढून ठेवली. फ्रीज बंद केला. दूधवाल्याला जिन्यातच गाठलं. मला दोनदा शिंक आली, दोन्ही वेळा तीन मजले उतरून रस्त्यावर जाऊन शिंकलो.

बाकी वेळ दाराबाहेर स्टुलावर. कान दाराला लावायची गरज नव्हती, सगळं ऐकू येत होतं. ही अवघड नावापाशी घाई करत नाही. लांब वाक्य असलं की आधी मनात वाचून घेते, मग सोडते. जिथे त्या मुलीला हात लावून समजून घ्यावं लागेल तिथे अंमळ थांबते. मी मनगटाची आठही हाडं शिकलो, आणि ती मीच काल मोठ्याने वाचली होती तेव्हा एकही कळलं नव्हतं.

हिचा आवाज चांगला आहे. फार चांगला आहे. बाहेर आली तेव्हा मी हे तोंडावर सांगितलं. ही म्हणाली, "पाणी द्या आधी, घसा सुकलाय." पाणी पिऊन झाल्यावर ग्लास परत देताना म्हणाली, "खरंच?"

२०, गुरुवार

साडेचारला पाठीचा दुसरा भाग संपला. दुकानात सगळे धडे पेन ड्राईव्हवर भरून घेतले आणि दोघेही तो द्यायला गेलो. मुलीने तो हातात घेऊन आधी वास घेतला, मग खिशात ठेवला. मला म्हणाली, "तुम्हीच का शिंकणारे काका?" मला वाटतं माझी आता हीच ओळख राहणार.

२४, सोमवार

संध्याकाळी पाचला फोन. पेपर चांगला गेला. चार प्रश्नांची उत्तरं पूर्ण, एकाचं थोडं राहिलं. मनगटावर प्रश्न आला होता. "सरांचा आवाज आठवला आणि भीतीने लेखनिकाला सगळं सांगितलं," म्हणाली. पुढच्या वर्षाची तीन पुस्तकं आहेत, मॅडम वाचतील का, असंही विचारलं.

हिने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी वरच्या ड्रिलवाल्याशी बोलून घेतो.

२६, बुधवार

परवा पुस्तक छापखान्यात जायचं आहे. नकाशे नव्या डिस्कवर मावले. शेवटची तपासणी राहिली होती, आणि चुका डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतात असं ही म्हणते. मी म्हटलं, मग वाचून दाखव. मला वाटलं नाही म्हणेल. हिने हात पुसले, चष्मा लावला आणि बाहेरच्या खोलीत, पंखा चालू ठेवून, पहिल्या पानापासून सुरुवात केली.

तीन तास वाचत होती. चारशे बारा पानं अर्थातच झाली नाहीत, पण निम्म्या प्रकरणांवर मीच पेन्सिलीने काट मारली. हिने एकदाही टीका केली नाही, फक्त लिहिलं होतं ते वाचलं, आणि ते पुरेसं होतं. 'सदर जलकुंभ' हे शब्द सोळाव्यांदा आले तेव्हा ही एक क्षण थांबली. तेवढंच.

शेवटी ऋणनिर्देश. तो मी दोन दिवस खपून लिहिला होता, कोणी सुटू नये म्हणून. हिने तोही तसाच वाचला, घाई न करता, प्रत्येक माणसाला त्याची जागा देत. साहेब. त्यांच्या आधीचे साहेब. नकाशे जपून ठेवणारे अभिलेखपाल. पंपावरचे तिघे. जीपचा ड्रायव्हर. वाचनालयाचे ग्रंथपाल. छापखान्याचे मालक. कॉम्प्युटर दुरुस्त करून देणारे गृहस्थ, ते मी परवाच घातलेत.

"संपलं," ही म्हणाली आणि कागद सारखे करू लागली.

मी म्हटलं, "एक नाव राहिलंय."

हिने पान पुन्हा समोर घेतलं. बोट ठेवून यादी वरपासून खालपर्यंत तपासली, एकेक नाव, मागचं पानही उलटून पाहिलं.

"कोणाचं?" हिने विचारलं. चेष्टा करत नव्हती. खरंच विचारत होती.